शेजारी बसवा

फाउंड्री बंद झाली त्या महिन्यात
मालकानं पगाराऐवजी ऑफिसातला कॉम्प्युटर दिला.
"न्या घरी, आबा. नातवंडं खेळतील."
मला नातवंडं नाहीत.
एकवीस वर्षांत त्याला हे कळलं नव्हतं.
उद्यमनगरातून रिक्षानं, मॉनिटर मांडीवर घेऊन
सुभाषनगरात आलो.
रिक्षावाला म्हणाला, "जुना टीव्ही घेतलासा व्हय?"

सुरू केला तर पासवर्ड मागायला लागला.
पासवर्ड हिशेबनीस जोंधळेकरांना ठाऊक,
आणि जोंधळेकर मुलाकडं, नाशकाला, नंबर बदलून.
शालननं त्यावर क्रोशाचं कापड टाकलं.
आठ महिने तो शिलाई मशीनजवळ
पाहुण्यासारखा अवघडून बसला.

वरच्या मजल्यावरची तस्मिया मुजावर,
पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला.
किल्ल्यांच्या जुडग्यातून तिनं पेनड्राइव्ह सोडवला.
"काका, कुलूप फोडायचं नाही. दुसऱ्या दारानं जायचं.
फुकट आहे. आणि उघडं आहे,
आतलं सगळं कुणालाही वाचता येतं."
फुकट म्हटल्यावर मी जरा मागं सरलो,
उघडं म्हटल्यावर पुढं.
मी लेथ शिकलो मनोहर मिस्त्रींच्या हाताखाली.
गिअरबॉक्सचं झाकण ते दिवसभर काढून ठेवायचे,
म्हणायचे, "बघ की. बघायला काय पैसं पडत्यात व्हय?"
बाजूच्या शेडमधला पोवार मात्र
ड्रॉइंगची घडी बनियनमध्ये जपायचा.
घामानं त्याचेच आकडे फिसकटले.

पहिली सिस्टीम लई देखणी,
पडदा सरकावा तशी उघडली.
पण डब्यातला पंखा असा ओरडला
की शालननं आत जाऊन कुकर बंद केला.

दुसरी काळी. नुसती एक रेघ लुकलुकत होती.
"ही काय म्हणतीय?"
"तुम्ही सांगायची वाट बघतीय."
चहा निवेपर्यंत आम्ही एकमेकांकडं बघत बसलो.
जाणत्याचं यंत्र ते.
आल्या आल्या पोराला कुणी
जिग बोरिंगवर उभं करत नाही.

तिसरीचं नाव मिंट.
"पुदिना," शालन स्वयंपाकघरातून.
खाली डाव्या कोपऱ्यात बटण,
बटणात मराठी: कार्यालय, ध्वनी, बंद करा.
माउस धरला. हात जायचा तिथं गेला.
चकात जॉब नीट बसल्याचा एक आवाज असतो,
तो मनगटाला ऐकू येतो.

"अजून बसवली नाही हां," तस्मिया म्हणाली.
"पेनड्राइव्हवरनंच चालतीय. काढला की गेली."
आणि सहज म्हणून तिनं
जुन्या डिस्कच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली.
उघडली.
पासवर्ड न मागता ऑफिसचं कपाट समोर.
पगारपत्रक. मार्च. ओळ सतरा:
दौलत ईश्वरा चौगले.
चौगुलेतला उकार तेवढा खाल्लेला.
देणे बाकी, एकेचाळीस हजार तीनशे.
शेवटच्या रकान्यात शेरा:
कॉम्प्युटर दिला. किंमत एकेचाळीस हजार तीनशे.

खाली गल्लीत पाणी आलं, घागरी वाजल्या.
कुणी उठलं नाही.

तस्मियानं पुढची चौकट आणली. ती विचारत होती,
सगळं पुसून बसवू, का जुन्याच्या शेजारी?
"पुसा," शालन म्हणाली. "कशाला ते घरात?"
मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.
"शेजारी बसव."

आता रोज सकाळी बटण दाबलं की
काळ्या पाटीवर आधी दोन नावं येतात,
नवीचं वर, जुनीचं खाली,
आणि दहापासून उलटी मोजणी.
बाण खाली नेला तर जोंधळेकरांचं कुलूप.
नाही नेला तर आपोआप पुढं.
मी हात मांडीवर ठेवतो.
एखाद्या दिवशी चारपर्यंत
बोट बाणावर असतं.

मग शालनच्या मसाल्याची वही उघडते:
रुईकर कॉलनी, अडीच किलो,
तिखट बेताचं.